संध्याकाळी घरी: एका तासाच्या आतल्या ठिकाणांच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण सपाटीवर आणि एका दमात अर्ध्या तासाहून जास्त नाही. गाडीत ती तासभर आरामात बसते, त्यापुढे पाय आखडतो. वर्षभर ती "जाऊ या ना कुठेतरी" म्हणतेय. मी लांबच्या, नावाजलेल्या ठिकाणांची नावं घेते, आणि मग तीच म्हणते, "राहू दे, दगदग होईल." आज तिने सरळ सांगितलं, "मला कुठेही ने. फक्त संध्याकाळी घरी यायचं."

त्यावरून हे काम हाती घेतेय. घरापासून एका तासाच्या आत, कोणी मुद्दाम जात नाही अशी ठिकाणं शोधायची. आधी मी एकटीने पाहून यायचं, मग आईला न्यायचं. सपाट वाट हवी, टेकायला जागा हवी, सावली हवी. स्वच्छतागृह किती लांब आहे हेही लिहायचं. सहलींच्या माहितीत हे क्वचितच सापडतं, आणि आईसारख्या माणसाचा सगळा दिवस त्यावर ठरतो.

१२ जानेवारी

नकाशावर कंपासने ३० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. आत २,८०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन येते. एवढ्या जमिनीतलं मी काय पाहिलंय, हे मोजायला बसले आणि गप्प झाले.

संध्याकाळपर्यंत वर्तुळ खोडलं, कारण ते खोटं आहे. नदीच्या पलीकडचं गाव बारा किलोमीटरवर, पण पूल एकच, तोही उलट्या दिशेला, म्हणून पोचायला सव्वा तास. उलट हमरस्त्याने चाळीस किलोमीटर पाऊण तासात होतात. अंतर मोजून चालणार नाही, वेळ मोजायला हवा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८१ मध्ये असा नकाशा केला होता: लंडनहून निघालं तर जगात कुठे किती दिवसांत पोचता येईल, ते रंगांच्या पट्ट्यांनी दाखवलेलं. मला दिवसांऐवजी मिनिटं लागतील, एवढाच फरक.

रस्त्यांवरच्या वेळा धरून तासाची हद्द पुन्हा आखली. आकार हाताच्या पसरलेल्या पंजासारखा आला. हमरस्ते म्हणजे बोटं. मी बराच वेळ बोटांच्या बेचक्यांकडे बघत बसले. तिथल्या जागा अंतराने जवळ आहेत, पण कुठल्याच रस्त्यावर 'वाटेत' लागत नाहीत. शोधायचं ते तिथेच असणार असं वाटतंय.

१८ जानेवारी

दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर माहीत असलेली ठिकाणं लिहिली, एकमेकींना न विचारता. माझी सात, आईची अकरा. दोन्हींकडे असलेली दोनच.

माझी सातही एकाच दिशेला निघाली, कामावर जायच्या रस्त्याला. गावाची म्हणून जी माहिती मी बाळगत होते ती एका रस्त्याची माहिती होती. आईच्या यादीत दगडाची खाण होती, जिचे सुरुंग तिला शाळेत ऐकू यायचे. पाणी उपसायचं जुनं केंद्र होतं. मुख्य मार्गातून फुटणारी, गाड्या बंद झालेली रेल्वेची फांदी होती. यातली एकही जागा तिने जवळून पाहिलेली नाही. लहानपणी मुलींना तिकडे जायची परवानगी नव्हती आणि पुढे सवड मिळाली नाही, असं ती म्हणाली.

यादीचा आराखडा बदलला. आईची अकरा आधी.

२६ जानेवारी

दिवसभर ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरत नेलाय, त्यामुळे त्यात एखाद्या गल्लीतल्या बाकापर्यंतची बारीक माहिती कुठे कुठे सापडते आणि शेजारचं अख्खं गाव कोरं असतं. 'पर्यटनस्थळ' म्हणून शोधलं तर सगळ्यांना ठाऊक असलेलंच येतं. म्हणून वस्तूंच्या प्रकाराने शोधलं: झरा, खाण, पडकी वास्तू, मोजणीचा दगड, बंद रेल्वे. ओव्हरपास टर्बो हे या नकाशात शोधायचं संकेतस्थळ. त्यावर एकेका खुणेची मागणी केली की ते सगळे ठिपके नकाशावर उमटतात.

एकशे चाळीसच्या वर आले. उपग्रह चित्रावर एकेक तपासला. बरेच बाद झाले. 'देखाव्याची जागा' म्हणून खूण केलेल्या दोन ठिकाणी आता इमारती आहेत.

रेल्वेची फांदी मात्र नकाशात नव्हती. ती चित्रात सापडली: शेतांमधून जाणारी झाडांची अरुंद रांग, चार किलोमीटर, आणि तिचं वळण इतकं संथ आणि एकसारखं की ते पाण्याने किंवा गुरांनी पाडलेलं असूच शकत नाही. ओढा वळवळतो, पाऊलवाट कोन तोडते. इतकं शांत वळण फक्त रेल्वे घेते.

२ फेब्रुवारी

एकटी जाऊन आले.

रूळ नाहीत, स्लीपरही नाहीत. उरलाय तो भराव, त्यावरची खडी, आणि दोन्ही बाजूंना आपोआप वाढलेली झाडं. सावली सकाळी साडेदहापर्यंत उजव्या अंगाला, नंतर बहुतेक सगळीकडे. आईसाठी यापेक्षा चांगली वाट मला आखता आली नसती, आणि त्याला कारण आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घरंगळतं, पण त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर घसरतंही. म्हणून रेल्वे बांधणारे चढ टाळायचे: उंचवटा आला की कापायचे, खळगा आला की भरायचे. शंभराला एक चढ, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उंची, हाही इंजिनाला जाणवतो. माणसाच्या पायाला तो कळतसुद्धा नाही. इंजिनाची अडचण ओळखून कोणीतरी केलेलं काम आज शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याच्या उपयोगी पडतंय.

वाटेत दगडी कमानीची मोरी आहे. खाली उतरून पाहिलं. कमानीचे दगड पाचरीसारखे, वर रुंद आणि खाली अरुंद घडवलेले आहेत. वरून भार आला की ते एकमेकांना अधिकच घट्ट दाबतात. मोरीखालून अजून पाणी जातं. वरून गाडी जात नाही, तरी ती आपलं काम करतेय. मला हे फार आवडलं.

पॅरिसमध्ये अशाच बंद रेल्वेमार्गावर १९९३ मध्ये लांबच लांब बाग पुरी झाली, आणि न्यूयॉर्कमध्ये २००९ पासून उन्नत मालमार्गावर लोक फिरतात. तिथे माणसं जगभरातून येतात. इथे मला दोन तासांत एक सायकलवाला भेटला.

९ फेब्रुवारी

आईला नेलं. भरावाच्या टोकापर्यंत गाडी जाते. चौतीस मिनिटं चालली, मध्ये दोनदा टेकली. मोरीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "शाळेत असताना इथून जाणाऱ्या गाडीची शिटी झाली की आम्ही दप्तर भरायला घ्यायचो." मग बराच वेळ काही बोलली नाही.

वेळेच्या हिशोबाबद्दल लिहून ठेवते, पुढे लागेल. डोंगरात चालणारे अजूनही नेस्मिथचा नियम वापरतात. या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: तासाला तीन मैल, आणि चढलेल्या दर २,००० फुटांना वर एक तास. धडधाकट माणसासाठी हा हिशोब चांगला आहे. आईचा वेग आज तासाला साधारण अडीच किलोमीटर आला, म्हणजे निम्मा. आणि तिच्या बाबतीत चढापेक्षा उतार जास्त वेळ खातो: चढताना गुडघा ढकलतो, उतरताना तो सगळं वजन तोलून धरतो. भरावावरून उतरायच्या सात पायऱ्यांना तिला लागलेला वेळ मी मोजला, जवळजवळ तीन मिनिटं. यापुढे प्रत्येक ठिकाणाच्या नोंदीत पायऱ्यांची संख्या, आणि कठडा आहे की नाही.

२३ फेब्रुवारी

दोन ठिकाणं बाद. एक पडीक वाडा, आत जायला मालकाची परवानगी हवी आणि मालक परगावी. दुसरा झरा, सुंदर, पण वाट निसरडी. माझ्या एकटीच्या यादीत ठेवला.

२ मार्च

खाण. हिच्यावर मी महिनाभर विचार करत होते, कारण बंद खाणी धोक्याच्या असतात. साचलेलं पाणी काठापासूनच खोल, खाली थंडगार, आणि कडा उभ्या, पडलं तर वर यायला धरायला काही नाही. ही खाण मात्र उथळ बाजूने कोरडी आहे, तिथपर्यंत गाडीवाट जाते, पाण्याचा भाग कुंपणापलीकडे. तरी नोंदीत सगळ्यात वर लाल अक्षरात लिहिलंय: कुंपण ओलांडायचं नाही.

इथला दगड वालुकाश्म. खाणकामाने एक मोठा थर सपाट उघडा पडलाय आणि त्यावर ओळीने लहान लहान लाटा आहेत, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. पाण्याखालच्या वाळूवर त्या उठल्या, वर गाळ बसला, दाबाखाली दगड झाला, आणि पुढे कोणीतरी बांधकामाला दगड काढताना वरचा थर उचलला.

आईला खुर्ची टाकून दिली होती. ती खुर्चीत बसलीच नाही. वाकून दगडावर हात फिरवत राहिली. मी तिला वाचलेलं सांगितलं: लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी पुढे-मागे हेलकावत होतं, किनाऱ्याजवळ असतं तसं. एक बाजू लांबट उताराची आणि दुसरी उभट असेल तर पाणी एकाच दिशेने वाहत होतं, लांबट बाजूकडून उभट बाजूकडे. तिने डोळे मिटले, तळहात हळूहळू पुढे नेला, परत आणला, आणि झाडाकडे बोट दाखवलं. "तिकडून येत होतं." मीही हात फिरवून पाहिला. बरोबर होतं.

पाणी आटून किती काळ लोटला असेल, आणि ते कुठून येत होतं हे आजही बोटांना कळतं. परतताना गाडीत ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती.

नोंद: दुपारी बारा ते तीन टाळावं, दगड तापतो. तिरपं ऊन असताना लाटांच्या सावल्या पडतात, तेव्हाच त्या नीट दिसतात. सकाळी आठ किंवा संध्याकाळी पाच. भर उन्हात याच जागी उभं राहून "इथे काहीच नाही" म्हणत परत फिरणं अगदी शक्य आहे.

८ मार्च

आईच्या यादीतलं पाणी उपसायचं केंद्र, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्राचं जुनं पंपगृह. फाटकाला कुलूप. फाटकावरचा माणूस म्हणाला, अर्ज द्या. दिला.

२२ मार्च

आज जागतिक जलदिन. १९९३ पासून २२ मार्चला पाळतात. अर्जाला दोन आठवडे उत्तर नव्हतं, मग कळलं की आजच्या दिवशी जलशुद्धीकरण केंद्र सकाळी लोकांना उघडं असतं, अर्जाची गरजच नाही. ही गोष्ट इतर ठिकाणी शोधणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. बंद फाटकं वर्षातून एकदा-दोनदा उघडतात, आणि ते दिवस बहुतेक ठरलेले असतात: १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. फ्रान्समध्ये १९८४ मध्ये सुरू झालेला स्मारकं खुली ठेवण्याचा दिवस पुढे साऱ्या युरोपात पसरला. दिनदर्शिका घेऊन बसलं तर अर्धं काम होतं.

केंद्राच्या जुन्या भागात वाळूच्या मोठ्या उथळ टाक्या आहेत, हळू गाळणीच्या. लंडनमध्ये जेम्स सिम्पसनने १८२९ मध्ये चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी अशी गाळणी बांधली होती, तीच तऱ्हा. मला वाटायचं की वाळू चाळणीसारखी घाण अडवते. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी समजावलं की खरं काम वाळूच्या वरच्या अगदी पातळ थरात चालतं. तिथे सूक्ष्मजीवांचा साय धरल्यासारखा लेप तयार होतो आणि तो पाण्यातले जंतू खातो, धरून ठेवतो. पाणी तासाला जेमतेम वीतभर, कधी त्याहून कमी खाली उतरतं. लेप फार दाट झाला की वरची वाळू खरवडतात आणि नवा लेप धरेपर्यंत वाट बघतात. घाई केली तर पाणी शुद्ध होत नाही.

आईने विचारलं, "म्हणजे आम्ही चाळीस वर्षं हेच पाणी पितोय?" बाई म्हणाल्या, "हो, तुमच्या भागाला इथूनच जातं." आई कठड्याला धरून टाकीच्या काठाने पूर्ण फेरी मारून आली. डॉक्टरांनी दिलेला अर्धा तास त्यात संपला, पण ती थांबायला तयार नव्हती.

सपाट. कठडा आहे. स्वच्छतागृह आहे. पायऱ्या चार. यादीतलं आईसाठीचं सर्वांत सोयीचं ठिकाण, आणि वर्षातून एक दिवस उघडं.

१८ एप्रिल

ओव्हरपासने दाखवलेला मोजणीचा दगड. शेजारचे काका आयुष्यभर भूमापनात होते, त्यांना बरोबर घेतलं. टेकडीच्या माथ्याजवळ गाडी जाते, शेवटचे दीडशे मीटर चालत.

दगड गुडघ्याएवढा, माथ्यावर छिद्र आणि त्रिकोण. मी शेजारून शंभरदा गेले असेन, नुसता खांब समजून. काकांनी टोपी काढली. "अहो, याच्यावर सगळा नकाशा उभा आहे," म्हणाले. इथून दिसणारी दुसरी दोन टेकाडं त्यांनी दाखवली. त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर मोजायची, कोन दुर्बिणीने घ्यायचे, मग उरलेल्या बाजू गणिताने येतात, आणि त्यातली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. आई म्हणाली, "विणकामासारखं आहे, एका टाक्यावर पुढचा."

नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत स्त्रूव्ह या खगोलशास्त्रज्ञाने १८१६ ते १८५५ या काळात अशीच त्रिकोणांची साखळी नेली, २,८२० किलोमीटर, पृथ्वीचा आकार मोजायला. तिच्यातली चौतीस ठिकाणं २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्यांतल्या कित्येक ठिकाणी बघायला काय आहे? खडकात पाडलेलं छिद्र, क्रूसाची खूण, रचलेले दगड. दिसायला या आमच्या दगडाहून थोर काही नाही.

काकांनी दगडाभोवतीचं गवत स्वतः उपटलं. मी ओपनस्ट्रीटमॅपवरच्या त्याच्या ठिपक्यावर वर्णन आणि फोटो घातला.

२७ एप्रिल

अमावास्या. संध्याकाळी घरी, ही अट आईनेच मोडली. "एकदा रात्री नेऊन आण."

पंजाच्या दोन बोटांमधल्या सगळ्यांत खोल बेचक्यात, धरणाच्या भिंतीलगत, डांबरी वाहनतळ. घरापासून पन्नास मिनिटं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आमचं घरही त्यातलंच. आज आकाशगंगेसाठी आलो नव्हतो, या दिवसांत ती मध्यरात्रीनंतर वर येते. फक्त काळं आकाश बघायचं होतं.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा फोन उघडला की पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन गाडीत ठेवले. पहिली दहा मिनिटं आई म्हणत होती, घरासारखंच तर आहे. मग तारे एकेक करून नाही, ओंजळीने येऊ लागले. सप्तर्षी वर होते. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. हे मला आईनेच शिकवलं, आज. तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि मला हे ठाऊकच नव्हतं. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग माझा दंड घट्ट धरला. "अरुंधती दिसतेय. शेजारी, बारीक. गच्चीवरून कित्येक वर्षांत दिसली नव्हती."

साडेदहाला घरी. पाय सुजला नाही.

१० मे

अक्षांश आणि रेखांश दोन्ही पूर्ण अंशांत जिथे छेदतात त्या बिंदूवर जावं असं मनात होतं. पृथ्वीवर कुठेही असलात तरी असा बिंदू ७९ किलोमीटरच्या आत असतोच, कारण त्या चौकटींची बाजू फार तर १११ किलोमीटर. आमचा ६१ किलोमीटरवर निघाला, दोन तासांवर. सोडला. पुढे एकटी जाईन.

२४ मे

यादी छापून शेजारच्या दोन-तीन घरांत द्यायची म्हणतेय, जिथे आईसारखी माणसं आहेत. त्यामुळे काय लिहायचं नाही हे ठरवावं लागलं. धरणाजवळच्या पडक्या भिंतीत घुबडाचं घरटं आहे, ते नाही. झऱ्याची नेमकी जागा नाही, तिथली माती चार माणसांच्या पायांनीही ढासळते. ज्या शेतातून वाट जाते त्या सगळ्या मालकांना विचारून आले. एक जण नको म्हणाले, ती वाट काढून टाकली. एकीने सांगितलं की या, पण कुत्र्याला आधी हाक मारा. तेही लिहिलं.

८ जून

मसुदा आईने तपासला. प्रत्येक पानावर वेळ, सावली, पायऱ्या, कठडा, बसायची जागा, आणि 'काय पाहायचं' असा रकाना. तिने शेवटच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'कुठे बसून पाहायचं'. खाणीच्या पानावर 'हात फिरवा'. मोरीच्या पानावर शिटीची गोष्ट स्वतःच्या अक्षरात, अर्धं पान. ते तसंच छापणार.

बावीस ठिकाणं झाली होती. रात्री तिने तेविसावं पान माझ्यापुढे ठेवलं. व्यायामाच्या फेरीत ती रोज थोडी पुढे जात होती, ते मला माहीत नव्हतं.

'ठिकाण २३. घरापासून अकरा मिनिटं, माझ्या चालीने. पायऱ्या नाहीत. जुन्या भिंतीला दगडी ओटा आहे, ऊन चार वाजता सरतं. समोर काय आहे ते लिहीत नाही. आधी येऊन बस.'

उद्या चारला.